कीबोर्ड अक्षरं खातोय की बोटं?

टायपिंगची परीक्षा जवळ आली की सोलापुरातल्या कुठल्याही क्लासात एक तक्रार हमखास ऐकू येते. "ओ सर, ह्यो कीबोर्ड अक्षरं खातोय बघा की." मग जागा बदलून मागितली जाते, कोपऱ्यातल्या 'चांगल्या' कीबोर्डवरून वाद होतात आणि शेवटी कुणीतरी बाजारातून चार-पाचशे रुपयांचा नवा कीबोर्ड घेऊन येतो. कधी त्यानं काम भागतं. पण बऱ्याचदा दोन दिवसांत नव्या कीबोर्डवरही तेच सुरू होतं.

बोट बटणावर पडल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत मध्ये बरंच काही घडतं. बटणाखालचा संपर्क जुळतो, कीबोर्डमधली चिप तो ओळखते, वायरीतून किंवा हवेतून निरोप जातो, विंडोज तो घेते, भाषेची मांडणी त्याचं अक्षर ठरवते आणि मग ते वर्डमध्ये किंवा परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो, आणि प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी दिसते. अक्षर गायब होणं, दोनदा येणं, उशिरा येणं आणि भलतंच येणं या चार वेगळ्या तक्रारी आहेत. 'कीबोर्ड खराब झालाय' एवढंच म्हटलं की चारही एकत्र कालवल्या जातात आणि पैसे वाया जातात.

आधी वेगाचा हिशेब

'मी फास्ट टाईप करतो, कीबोर्डला झेपत नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. ते खरं नाही, हे आकड्यांत बघू.

सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असा वेग लागतो. टायपिंगमध्ये साधारण पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. म्हणजे ३० च्या वेगाला मिनिटाला १५० ठोके, सेकंदाला अडीच. दोन ठोक्यांमध्ये ४०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ४०० हजारांश भाग. ४० च्या वेगाला हे अंतर ३०० वर येतं, आणि ६० च्या वेगाला, म्हणजे इंग्रजीत चांगला हात बसलेल्या माणसाला, २०० वर.

आता दुसरी बाजू. यूएसबीवरच्या साध्या कीबोर्डला कॉम्प्युटर सहसा दर ८ ते १० मिलिसेकंदांनी विचारतो, 'काही दाबलंय का?' दोन ठोक्यांमध्ये ३०० मिलिसेकंद आणि विचारणा दर ८ ला. तुमच्या एका ठोक्याच्या जागी तो तीस-पस्तीस वेळा विचारून मोकळा झालेला असतो. धडधाकट कीबोर्ड, मग तो कितीही स्वस्त असो, निव्वळ वेगामुळे अक्षर चुकवत नाही.

वेगात लिहिताना अडचण येते ती वेगळ्या कारणानं. बोटं एकमेकांवर चढतात. पहिलं बटण सुटायच्या आत दुसरं दाबलं जातं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांचे १३ कोटी ६० लाख ठोके तपासले. त्यात दिसलं की वेगवान लोक पुष्कळ वेळा मागचं बटण सोडायच्या आधीच पुढचं दाबतात आणि हेच त्यांच्या वेगाचं एक मोठं कारण आहे. तेव्हा ही सवय वाईट नाही, उलट वेग वाढतो तशी ती आपोआप येते. टाईपरायटरवर मात्र हे चालत नसे. दोन बटणं एकदम दाबली की आतल्या काड्या एकमेकींत अडकायच्या, म्हणून जुने सर प्रत्येक ठोका सुटा मारायला लावायचे. कॉम्प्युटरवर काड्या नाहीत. पण दोन-तीन बटणं एकाच वेळी खाली असली की कीबोर्डच्या आतली वायरिंग महत्त्वाची ठरते.

अक्षर गायब होतं तेव्हा

मोठ्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात. प्रत्येकाला वेगळी वायर दिली तर चिपला शंभरावर पाय लागतील. म्हणून आत जाळी असते. सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, आणि जिथे दोन धागे एकमेकांना छेदतात तिथे एक ठिपका. कीबोर्डमध्येही असेच उभे-आडवे पट्टे असतात आणि प्रत्येक छेदावर एक बटण. ८ आणि १८ पट्ट्यांची जाळी केली तर २६ पट्ट्यांत १४४ बटणांची सोय होते. चिप एकेका पट्ट्यावर क्रमाने वीज सोडते आणि ती दुसऱ्या बाजूच्या कुठल्या पट्ट्यावर पोचली ते बघते. पोचली तर त्या छेदावरचं बटण दाबलेलं आहे.

हे एका बटणासाठी बिनचूक चालतं. दोनसाठीही. गडबड तिसऱ्या बटणाला होते. दाबलेली तीन बटणं जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर असतील, तर वीज त्या तिघांतून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोचते, आणि न दाबलेलं चौथं बटण दाबल्यासारखं भासतं. यालाच घोस्टिंग म्हणतात. हल्लीच्या चिपना हा धोका माहीत असतो, म्हणून त्या असा चौकोन दिसला की तिसरं बटण नाकारतात. खोटं अक्षर येण्यापेक्षा खरं गेलेलं परवडलं, असा त्यांचा हिशेब. आणि आपण म्हणतो, कीबोर्ड अक्षर खातो.

तुमच्या कीबोर्डला ही खोड आहे का, ते मिनिटभरात कळतं. नोटपॅड उघडा, भाषा इंग्रजी ठेवा, दोन्ही करंगळ्यांनी दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि उरलेल्या बोटांनी 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग' हे इंग्रजी अक्षरांत लिहा. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांवर या वाक्यातली काही अक्षरं उमटतच नाहीत, आणि दर वेळी तीच ती गायब होतात. घाबरू नका, दोन्ही शिफ्ट धरून कुणी टाईप करत नाही. पण आतली जाळी कशी विणली आहे ते यातून दिसतं.

दुकानात 'अँटी-घोस्टिंग' असं मोठ्या अक्षरांत छापलेले, खालून लाल-निळे दिवे लागणारे कीबोर्ड याच भीतीवर विकले जातात. यूएसबी कीबोर्डचा मूळ साचा ८ बाइटांचा आहे. एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या बटणांसाठी, एक रिकामा, आणि सहा बाइट एकाच वेळी दाबलेल्या सहा बटणांसाठी. टायपिंग करताना एका क्षणी दोन, फार तर तीन बटणं खाली असतात. सहाच्या पुढे जाण्याची गरज कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांना पडत असेल. टायपिंगच्या परीक्षेसाठी त्यावर दोन हजार घालवू नयेत, असं माझं मत आहे.

याच जाळीचा आणखी एक उपयोग. एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सहा बटणं एकदम मेली, तर पाच-सहा बिघाड शोधत बसू नका. एक पट्टा तुटलाय. तो पट्टा डोळ्यांना दिसणाऱ्या ओळीप्रमाणे जात नाही, म्हणून मेलेली बटणं विखुरलेली दिसतात. साध्या कीबोर्डमध्ये हे पट्टे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेले असतात. चहा सांडून गेल्यावर काही आठवड्यांनी हे घडतं, आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

'सिद्धेश्वर' लिहून बघा

मराठीत लिहिणाऱ्यांची खरी डोकेदुखी जाळीत नसते, शिफ्टमध्ये असते. ग्रामदैवताचंच नाव घेऊ. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी, तिच्यात 'सिद्धेश्वर' लिहायला दहा ठोके लागतात: स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. यातले 'ध' आणि 'श' शिफ्ट धरून येतात. 'द' आणि 'ध' एकाच बटणावर आहेत, इंग्रजी 'ओ'च्या. 'स' आणि 'श' इंग्रजी 'एम'च्या.

आता वेगात लिहिल्यावर काय उमटतं ते बारकाईनं वाचा. 'सिद्देश्वर' आलं तर शिफ्ट उशिरा पोचली, 'ध'चा 'द' झाला. 'सिदअधेश्वर' आलं तर शिफ्ट लवकर दाबली गेली, कारण हलन्ताच्या बटणावर शिफ्टसह 'अ' असतो. 'सिद्धएश्वर' आलं तर 'ध' नंतर शिफ्ट सोडायला उशीर झाला, किंवा 'श'साठी ती फार लवकर धरली. 'सिद्धेस्वर' म्हणजे पुन्हा उशीर, आणि 'सिद्धेशअवर' म्हणजे सोडण्यात दिरंगाई. कीबोर्डमध्ये काहीही बिघाड नाही. त्यानं बोटांचा क्रम जसा आला तसाच लिहिला आहे.

हे इतकं का होतं, यालाही कारण आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. ख, घ, थ, ध, फ, भ, श ही सगळी उजव्या हाताची, शिफ्टवाली अक्षरं. उजव्या हाताच्या अक्षराला शिफ्ट डाव्या करंगळीनं धरायची असते. म्हणजे डावी करंगळी शिफ्ट सोडते न सोडते तोच शेजारचं बोट मात्रेवर जायला निघालेलं असतं. एकाच हातावर दोन कामं पडतात, आणि वेग वाढला की ती एकमेकांत शिरतात. इंग्रजीत मोठं अक्षर वाक्याच्या सुरुवातीला एकदा येतं. मराठीत 'भाषणाध्यक्ष' सारख्या एका शब्दात शिफ्ट पाच वेळा लागू शकते.

तरीही शिफ्टच झिजली असेल, अशी शंका राहतेच. ती फेडायला तोच शब्द उजव्या शिफ्टनं, सावकाश, वीस वेळा लिहा. मग डाव्या शिफ्टनं, तितक्याच सावकाश. उजवीनं बरोबर आणि डावीनं सावकाश लिहूनही चुकत असेल, तर बटण खरोखर गेलंय. दोन्हींनी सावकाश बरोबर येत असेल, तर कीबोर्डला दोष देऊ नका. वेग थोडा उतरवा आणि शिफ्टच्या जोड्यांचाच सराव करा: द-ध, स-श, क-ख, त-थ.

रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या मांडणीवर, शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट छळते. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते, इन्स्क्रिप्टमध्ये ती नंतर. हात चुकला की वेलांटी एका तुटक वर्तुळावर लटकलेली दिसते. ते वर्तुळ दिसलं की समजा, बटण चालू आहे, क्रम उलटा पडला आहे.

एकाच ठोक्यात दोन अक्षरं

ही तक्रार मात्र बहुतेक वेळा कीबोर्डचीच असते. बटण दाबल्यावर आतले दोन संपर्क एकदम शांत चिकटत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. चिपला हे माहीत असतं. ती पाच-दहा मिलिसेकंद थांबते आणि मगच 'एक ठोका' अशी नोंद करते. बटण जुनं झालं, संपर्कावर मळ बसला की ही थरथर लांबते आणि चिपच्या थांबण्यापेक्षा जास्त टिकते. मग एका ठोक्याचे दोन होतात. महागड्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये हा दोष जास्त ठळक दिसतो, कारण तिथे धातूला धातू लागतो.

ओळखायचं कसं? दर वेळी तेच बटण दुप्पट होतं. आज 'ा', उद्या 'र', परवा 'म' असं होत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. आणि 'ाा' ऐवजी 'ाााा' अशी रांग लागत असेल, तर बटण जास्त वेळ दाबलं जातंय. विंडोजमध्ये बटण किती वेळ धरल्यावर अक्षर पुन्हा पुन्हा यायला लागतं, ते ठरवता येतं. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्ड उघडलं की 'रिपीट डिले' अशी सरकपट्टी दिसते. ती 'लाँग'कडे सरकवा. जोरात आणि दाबून टाईप करणाऱ्यांची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

इन्स्क्रिप्टवर जास्त लिहिणाऱ्यांची दोन बटणं आधी जातात, इंग्रजी 'ई' आणि 'डी'ची. एकावर काना आहे, दुसऱ्यावर हलन्त. त्यांच्यावरची अक्षरंही आधी पुसली जातात. जुना कीबोर्ड विकत घेताना ही दोन बटणं बघितली की तो कुठे वापरला गेलाय ते समजतं.

धूळ, तंतू आणि शेंगाचटणी

सोलापूरची धूळ साधी नाही. यंत्रमागाच्या भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा घरातच माग असलेल्या गल्लीत, हवेत सुताचे बारीक तंतू असतात. धूळ झटकली की पडते, तंतू पडत नाही. तो बटणाच्या कडेतून आत शिरतो आणि रबराच्या टोपीखाली गुंडाळी होऊन बसतो. मग बटण पूर्ण खाली जात नाही. सावकाश दाबलं तर चालतं, कारण तेव्हा आपण नकळत जोर देतो. वेगात हलक्या हातानं मारलं की अक्षर येत नाही. हिशेब लिहिणाऱ्यांची 'बटण कधी चालतं, कधी नाही' ही तक्रार पुष्कळदा या तंतूची असते.

एवढासा कण किती उपद्रव देतो याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अ‍ॅपलचे २०१५ ते २०१९ मधले लॅपटॉप. त्यातला 'बटरफ्लाय' कीबोर्ड इतका पातळ होता की बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. धुळीचा कण अडकला की अक्षर गायब किंवा दुप्पट. जून २०१८ मध्ये कंपनीनं तो फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली आणि २०१९ च्या अखेरीस पुन्हा जुन्या कात्रीसारख्या रचनेकडे वळायला सुरुवात केली. मागाच्या शेजारी बसून काम करायचं असेल तर सडपातळ लॅपटॉपच्या मोहात पडू नका, खोल बटणांचा साधा कीबोर्ड बाहेरून जोडा.

आणि शेंगाचटणी. कडक भाकरीचा चुरा उलटा केला की पडतो, पण चटणीत तेल असतं. ती एकदा बटणाखाली गेली की तंतूला धरून ठेवते. बाकी ज्याचं त्यानं ठरवावं.

साफ करताना वायर काढा, लॅपटॉप असेल तर बंद करा. कीबोर्ड उलटा धरून पाठीवर थापा मारा, मग मऊ ब्रशनं ओळीओळीनं झाडा. साध्या कीबोर्डची बटणं वर ओढून निघतात, पण आधी मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर जोडताना कुठलं कुठे ते आठवत नाही. स्पेस, एंटर, शिफ्ट ही लांब बटणं शक्यतो काढू नका. त्यांच्या खाली तारेची कडी असते आणि ती परत बसवताना जीव जातो. लॅपटॉपची बटणं तर घरी काढूच नका, त्यांचे प्लास्टिकचे काटे नखाएवढे असतात. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन कडेनं फिरवा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते 'आयपीए' नावानं असतं. हाताचं सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते आत चिकटून राहतं.

चहा सांडला तर पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. वायर उपटा, कीबोर्ड लगेच पालथा करा. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा आणि चालू करून 'बघू तरी' हे अजिबात करू नका. पाणी वाळून जातं, चहातली साखर मागे राहते. साध्या कीबोर्डला ती धुऊन काढणं शक्य आहे, लॅपटॉप मात्र उघडावाच लागतो. आणि मे महिन्यात गच्चीवर वाळत घालण्याचा विचारही करू नका. आपल्याकडचा पारा चाळीसच्या वर असतो, त्या उन्हात प्लास्टिक वाकतं. पंख्याखाली दोन दिवस पुरे.

विंडोज मध्येच काहीतरी चालू करते

काल चांगला असलेला कीबोर्ड आज अचानक कुठलंच अक्षर घेत नाही, बटण बराच वेळ दाबून धरलं तरच उमटतं. हा प्रकार घडला की दहापैकी नऊ जण दुरुस्तीला धावतात. उजवी शिफ्ट सलग ८ सेकंद दाबली गेली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करायचं विचारते, आणि समोर आलेली पाटी न वाचता एंटर मारलं की ते चालू होतं. थरथरत्या हातांच्या लोकांसाठी ही सोय आहे, ती हलके आणि झटपट ठोके मुद्दाम दुर्लक्षित करते. उतारा वाचताना विचारात पडून करंगळी शिफ्टवर टेकवून बसणारे हिच्या तावडीत सापडतात. शिफ्ट सलग पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'ची पाटी येते, तीही याच जातीची. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, आणि तिथे दोन्हींचे शॉर्टकट बंद करून टाका.

मराठी लिहिता लिहिता मध्येच इंग्रजी उमटायला लागलं, तर डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेलेत. त्यानं भाषा बदलते. वेगात अंगठा ऑल्टला लागतो आणि करंगळी शिफ्टवर असतेच. सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या प्रगत पर्यायांत हा शॉर्टकट काढून टाकता येतो. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस पुरेसं आहे, ते चुकून दाबलं जात नाही.

बाकीचे प्रकार पटापट सांगतो. काही लॅपटॉपवर 'जे, के, एल' दाबल्यावर १, २, ३ येत असेल तर नंबर लॉक चालू आहे. पुढची अक्षरं पुसली जात असतील तर इन्सर्ट दाबलं गेलंय. अ‍ॅट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह येत असेल तर इंग्रजीची ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे. कर्सर मध्येच तीन ओळी वर उडी मारत असेल तर तळहात टचपॅडला लागतोय. टचपॅडची संवेदनशीलता कमी करा किंवा माऊस जोडल्यावर तो बंद राहील असं ठेवा. या शेवटच्या कारणावरून कीबोर्ड बदलून घेतलेले लोक मी पाहिलेत.

कंट्रोलसारखं एखादं बटण आत अडकलंय का ते बघायचं असेल तर विंडोज, कंट्रोल आणि इंग्रजी 'ओ' एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि तुम्ही खरा कीबोर्ड वापरता तसतशी त्यावरची बटणं उजळतात. हात न लावता एखादं उजळलेलं दिसलं की चोर सापडला.

उशीर आणि बिनतारी कीबोर्ड

अक्षरं उशिरा पण सगळी येतात, आणि थांबल्यावर एकदम ओळ भरते, तेव्हा कीबोर्ड निर्दोष आहे. ठोके पोचलेत, कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतलाय. अपडेट, अँटिव्हायरस, नाहीतर ब्राउझरमध्ये उघडलेल्या चाळीस खिडक्या. उशिरा येऊनही मधली अक्षरं नसतील, तर मग वाटेत बघा.

बिनतारी कीबोर्डची वाट हवेतून जाते, बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर. इंटेलनं २०१२ मध्येच दाखवून दिलं होतं की यूएसबी ३.० चं पोर्ट (सहसा निळं असतं ते) आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क याच लहरींमध्ये अडथळा आणतात. म्हणून रिसीव्हर, म्हणजे कीबोर्डचा निरोप घेणारा यूएसबीचा छोटा तुकडा, जर सीपीयूच्या मागे, निळ्या पोर्टात, पेन ड्राइव्हच्या शेजारी खुपसला असेल तर वेगात लिहिताना अक्षरं गळतात. एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणा. आणि थोडं थांबल्यावर पहिलंच अक्षर गायब होत असेल, तर कीबोर्ड झोपी गेला होता. तो जागा होईपर्यंत पहिला ठोका गेलेला असतो. परीक्षेला बिनतारी कीबोर्ड असू नये, हे माझं ठाम मत.

इतकं करूनही समजलं नाही, तर अदलाबदल. संशयित कीबोर्ड शेजारच्या कॉम्प्युटरला लावा, शेजारचा आपल्याला, आणि दोन्ही जागी स्वतः बसून लिहून बघा. चूक कीबोर्डबरोबर गेली तर कीबोर्ड, जागेवर राहिली तर कॉम्प्युटर, आणि तुमच्याबरोबर गेली तर बोटं. क्लासात हे दोन मिनिटांत होतं, तरी कुणी करत नाही. चाचणी नेहमी नोटपॅडमध्ये घ्या. वर्ड स्वतःच्या मनानं शब्द दुरुस्त करतं आणि संशय कीबोर्डवर जातो.

साधा यूएसबी कीबोर्ड उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, मजुरी किमतीच्या वर जाते. लॅपटॉपचं तसं नाही. एक बटण आपोआप दाबलं जात असेल आणि सध्या खर्च नको असेल, तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून तेवढं बटण बंद करा आणि त्याचं काम न लागणाऱ्या दुसऱ्या बटणाला द्या. दुकानात द्यायचाच ठरला, तर 'कीबोर्ड बिघडलाय' एवढं सांगून देऊ नका. कुठलं बटण, सावकाश लिहितानाही चुकतं का, दुसरा कीबोर्ड लावल्यावर काय झालं, हे चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवा. विंडोजचं काम असेल तर कारागिराला ते उघडायच्या आधीच कळतं.